बाहेरून लावलेली कडी

साल १९९४ आणि माझं वय छत्तीस. चौथी पास, नांदेडच्या आरोग्य प्रशिक्षण केंद्रात शिपाई. त्या साली मला एक प्रशस्तिपत्र मिळालं. वीस वर्षांनी, २०१४ साली, खात्याकडून एक नोटीस मिळाली. दोन्ही कागद एकाच बाईपायी मिळाले. प्रशस्तिपत्र ट्रंकेच्या तळाला आहे आणि नोटीस काच बसवून भिंतीला टांगली आहे. घरी आलेला माणूस ती वाचतो आणि म्हणतो, मामा, कागदांची अदलाबदल झाली वाटतं. झाली न्हाई. जागच्या जागी आहेत. नोटिशीत एकच गोष्ट खोटी आहे. तिच्यात लिहिलंय की मी विनापरवानगी आत शिरलो. परवानगी मी घेतली होती.

कचेरीत शिपायाला मामा म्हणायची रीत आहे, त्यामुळं माझं खरं नाव पगारपत्रकावरच राहिलं. त्याचं मला वाईट वाटत न्हाई. किती डॉक्टर आले, बदलून गेले, त्यांची नावं लोक विसरले. नांदेड-लातूरकडच्या आरोग्य केंद्रात जाऊन 'प्रशिक्षणवाले मामा' म्हणा. एखादी म्हातारी नर्स असेल तर खुर्ची देईल.

काम काय होतं ते आधी सांगतो, कारण माझ्या सुनेलाही ते अजून नीट कळलेलं न्हाई. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सरकारच्या ध्यानात आलं की मोडलेल्या पायाला प्लास्टर आहे, पण जो माणूस वरून धडधाकट दिसतो आणि जेवत न्हाई, झोपत न्हाई, भांडं वाजलं की घराबाहेर पळतो, त्याला काय बांधायचं? डॉक्टर लोक त्याला ट्रॉमा म्हणायचे. मी म्हणायचो मनाला बसलेला मार. अशा माणसाशी वागायचं कसं, त्याला काय विचारायचं आणि काय विचारायचं न्हाई, हे नर्सबायांना, गावच्या स्वयंसेविकांना, पुढं वसतिगृहवाल्यांना शिकवायचं. शिकवायचे डॉक्टर. पण शिकणारी माणसं गावागावातून आणायची, कुणाला कुठं बसवायचं, कुणी कितीला बोलायचं, चहा कधी, लेकुरवाळीचं लेकरू कुठं निजवायचं, हा सगळा बंदोबस्त माझा. खरं तर ते क्लार्कचं काम. पण क्लार्क जमिनीच्या हादऱ्यांना भिऊन रजेवर गेला तो आलाच न्हाई. काम माझ्यावर पडलं आणि मी ते पुन्हा कुणाला दिलं न्हाई. साहेबांनी दोनदा मागितलं तरी दिलं न्हाई.

किल्लारीच्या पलीकडं एका गावात आमचा मुकाम होता. गाव म्हणजे दगडांचा ढीग आणि शेजारी पत्र्याची शेडं. भूकंपाला आठ महिने झालेले, ऐन उन्हाळा. तीस बाया प्रशिक्षणाला. गावात घरोघर फिरून कोण जेवत न्हाई, कोण एकटं बसतं, हे बघायला त्यांना तयार करायचं होतं. पहिल्याच दिवशी माझ्या हातून स्टीलचा ट्रे पडला. वर स्टीलचेच दहा ग्लास. ग्लास घरंगळायचे थांबायच्या आत शेडात एक बाई राहिली न्हाई. एकजण तर अनवाणी पार शेताच्या बांधापर्यंत गेली. भूकंपाला आधी फडताळातली भांडी वाजली होती, मग घरं बसली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

आमचा चहावाला गफूरभाई नांदेडहून आमच्याबरोबर यायचा. सतरंज्या, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, सगळं त्याच्या टेम्पोत. तो ग्लास गोळा करता करता म्हणाला, "मामा, डाक्टरनं दोन तास शिकवलं ते तुमच्या ट्रेनं एका मिनटात पुसलं."

त्या दिवसापासून काचेचे ग्लास आणि ट्रेमध्ये ओलं फडकं. शेडाचं दार वाऱ्यानं आपटायचं, प्रत्येक आपटीला बाया दचकायच्या. मी ढिगाऱ्यातून एक वीट आणली, पेपरात गुंडाळली आणि दाराला लावली. दार उघडं राहिलं पाहिजे. ज्याला बाहेर जायचं त्याला वाटेत काही आडवं नको. त्यानंतर प्रत्येक प्रशिक्षणाला ती वीट माझ्या पिशवीत असायची. गफूरभाई तिला मामाचा ताईत म्हणायचा.

आता ती बाई. तिचं नाव शेवंताबाई म्हणू. खरं न्हाई. हे लिहू का म्हणून मी तिला विचारलं. तिनं सहा महिने घेतले आणि मग म्हणाली, लिहा, नाव मात्र बदला.

तेव्हा ती तिशीची. आवाज खणखणीत. तिची सासू आणि सात वर्षांची मुलगी मंगल भूकंपात गेल्या होत्या, मांडीवरचं पोरगं वाचलं होतं. एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. तरी प्रशिक्षणात पहिला प्रश्न तिचा असायचा, आणि दुसऱ्या बाईला रडू आलं की पाणी घेऊन पहिली उठायची तीच.

शेवटच्या दिवशी मुंबईचे मोठे साहेब यायचे होते. आमचे साहेब म्हणाले, मामा, एखादी चांगलं बोलणारी बाई तयार ठेवा, अनुभव सांगील. मी आदल्या दिवशी शेवंताबाईला गाठलं.

"बाई, उद्या तुम्ही उठून बोला."

"काय बोलू?"

"त्या दिवशीचं. तुमच्यावर जे गुदरलं ते."

"ते नको मामा. मी गोळ्यांचं बोलते, घरभेटीचं बोलते. ते नको."

"पाच मिनटं फक्त. तुमच्यासारखं बोलणारं कोण हाय इथं? तुम्ही न्हाई म्हणलात तर उद्या माझी मान खाली जाईल."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमची मान लई महत्त्वाची दिसती."

मला ते होकारासारखं वाटलं. मी चिठ्ठीवर तिचं नाव लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. माझं अक्षर वाईट, म्हणून दोनदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती उठली. हात जोडून सांगायला लागली. गणपती बुडवायचा दिवस. गाव उशिरापर्यंत जागं. मंगलला मिरवणुकीचं वेड, झोपेतून उठून वाजंत्रीमागं पळायची. म्हणून तिला आजीजवळ आतल्या खोलीत निजवलं. इथपर्यंत तिचा आवाज रोजच्यासारखा होता. मग ती म्हणाली, "आणि मी बाहेरून कडी लावली. पोरगी जाऊ नये म्हणून. आणि अंगणात येऊन निजले."

हे तिनं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही न्हाई. तिनं ते ठरवून सांगितलं नव्हतं, तिच्या तोंडून ते सुटलं होतं. ज्याच्या मनाला मार बसलाय त्याला बोलतं करू नये असं न्हाई, पण बोलायला लागलेल्याला थांबता येत न्हाई. कुठवर बोलायचं ते त्याच्या हातात राहत न्हाई. डॉक्टरांनी हेच तर पाच दिवस शिकवलं होतं आणि मी पाचही दिवस दाराशी उभा राहून ऐकलं होतं.

ती खाली बसली. मुंबईच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.

साहेब बघायला दारात गाव जमलं होतं. दार मीच वीट लावून उघडं ठेवलेलं. त्या गर्दीत तिचा दीर होता. तो वळून गेला.

दोन दिवसांनी जीपवाल्यानं सांगितलं की ती बाई पोराला घेऊन निलंग्याकडं माहेरी गेली. गेली म्हणजे धाडली. नवरा म्हणे जीप निघेपर्यंत दुसरीकडं बघत उभा होता. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, कडी नसती तर पोरगी वाचली असती का? ते म्हणाले, तीन फूट दगड-मातीच्या भिंती, वर छताला मातीचं धाबं, कडी असली काय नसली काय. हे तिला सांगायला पाहिजे होतं. सांगायला ती नव्हती. महिन्याभरानं माझं प्रशस्तिपत्र आलं. उत्कृष्ट आयोजन.

त्यानंतर मी माझे कायदे केले. प्रशिक्षणात कुणाला नाव घेऊन उठवायचं न्हाई. दार उघडं, दाराजवळची जागा रिकामी, आणि दारात गर्दी न्हाई, तिथं फक्त मी. छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं नाव, आडनाव न्हाई. आडनाव दिसलं की आमच्याकडं माणूस आधी ते वाचतो आणि मग किती सरकून बसायचं ते ठरवतो. बिलोलीला एका डॉक्टरनं ह्या बिल्ल्यावरून माझ्याशी तासभर भांडण केलं. त्यांचं म्हणणं, नुसत्या नावानं मला ही दायी अरे-तुरे करील. मी म्हणलं, साहेब, दायी तुम्हाला जन्मापासून वळखती. ते बिल्ला न लावता बसले. पण बसले.

हे सांगताना मला अभिमान वाटतो, आणि मग किनवट आठवतं. तिथं आश्रमशाळेच्या वसतिगृहात प्रशिक्षण होतं. तालुक्याच्या नर्सबाया आत खुर्च्यांवर, आणि जंगलातल्या पाड्यांवरच्या बाया बाहेर ओसरीत, चपलांजवळ. त्यांना बाहेर बसा असं कुणी म्हणलं नव्हतं. म्हणावं लागत न्हाई, हीच तर अडचण. माझं डोकं फिरलं. मी सगळ्या खुर्च्या उचलून कोठीत टाकल्या, कुलूप लावलं आणि डॉक्टरांसकट सगळ्यांना ओसरीत सतरंजीवर बसवलं. डॉक्टरांचे गुडघे दुखायचे, ते माझ्याकडं बघायचे, मी तिकडं बघत नव्हतो. दिवसभर छाती फुगवून फिरलो. निघताना पाड्यावरची एक म्हातारी माझ्याजवळ आली.

"मामा, चांगलं केलं. सगळे खाली बसले."

"मग. सगळे सारखे."

"हाव. पण मला त्या खुर्चीवर बसून बघायचं होतं एकदा. आतमधी पंखा पण होता."

गफूरभाई टेम्पोत नांदेडपर्यंत हसत होता. मी हसलो न्हाई. मला वाटलं, म्हातारीला काय कळतंय. हे असं वाटणं किती वर्षं चाललं ते तुम्हाला आता कळेल.

२०१४ पर्यंत लातूर बदललं होतं. क्लासचं गाव झालं होतं. चौकाचौकात पोरापोरींचे फोटो, खाली मार्क. ज्याच्या घराला माळा चढवता आला त्यानं चढवला आणि खोल्या काढून पोरं ठेवली. कुठलं कुठलं पोर यायचं, डॉक्टर व्हायला. त्यातलं एखादं जेवेनासं व्हायचं, एखादं भिंतीकडं तोंड करून पडायचं. आमच्या खात्यानं ठरवलं की वसतिगृहात काम करणाऱ्यांना शिकवायचं. मावश्या, वॉचमन, डबेवाल्या, ज्यांना पोराचं ताट रिकामं झालं की न्हाई ते दिसतं. एक वॉचमन मला म्हणाला, मामा, ते भूकंपवालं शिक्षण इथं कशाला? मी म्हणलं, बोर्डावर मार्कांची यादी लागते त्या दिवशी तुझ्या वसतिगृहात जेवणाच्या वेळेला भांडी ऐक. किती शांत असतात.

त्या दिवशी एका शाळेचा हॉल घेतला होता. शिकवायला मुग्धा मॅडम, मनाच्या डॉक्टर, वयानं माझ्या लेकीएवढ्या. मी दाराला वीट लावली आणि टेबलावर सह्या घ्यायला बसलो. एकतीस माणसं. रांगेतून आवाज आला, "नाव नुसतं लिव्हायचं का आडनाव पण?" आणि माझा हात थांबला. वीस वर्षांत केस पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं. आवाज तोच.

तिनं मला ओळखलेलं दिसलं न्हाई. सही करता करता खाली वाकून हळूच म्हणाली, "मामा, पोरींच्या खोल्यांना बाहेरून कडी घालावी का न घालावी, हे आज सांगणार का हो? आमच्या मालकाला कुणीतरी सांगायला पाहिजे."

मी म्हणलं, "आधी सही करा बाई. मागं रांग हाय."

कडी हा शब्द ऐकला आणि माझ्या कानात पत्र्याचं शेड वाजायला लागलं. ती काय विचारते ते मी ऐकलंच न्हाई. ती त्या दिवशीचंच काही बोलते आहे, तिला अजून तेच दिसतंय, असं मला वाटलं. मनात एकच धरलं की आज ह्या बाईला काही होऊ द्यायचं न्हाई.

सकाळभर मी दारात उभा राहून तिच्याकडं बघत होतो. पंखा कुरकुरला की तिच्याकडं बघ, बाहेर भोंगा वाजला की तिच्याकडं बघ. ती वही घेऊन लिहीत होती. साडेअकराला मुग्धा मॅडमनी एक डबा काढला. आत चिठ्ठ्या. डबा हातोहात फिरवायचा, चिठ्ठीवर असेल त्यावर वाटलं तर बोलायचं, न वाटलं तर डबा पुढं. मॅडमनी हे तीनदा सांगितलं. पहिल्या चिठ्ठीवर होतं, आवडता पदार्थ. लोक हसले. दुसऱ्या चिठ्ठीवर, न विसरलेला दिवस. वॉचमननं आपल्या लग्नाचं सांगितलं. डबा पुढं सरकला. शेवंताबाईच्या आधी तीन माणसं. मग दोन.

एक माणूस उरला तेव्हा मी आत गेलो आणि डबा उचलला. मॅडम म्हणाल्या, "मामा, काय झालं?" मी म्हणलं, "मॅडम, आधी मी सांगतो. मग ज्याला बोलायचं ते बोलील." आणि मी सांगितलं. एका गावात मी एका बाईला तिच्या मनाविरुद्ध उठवलं. माझी मान ताठ राहावी म्हणून. तिनं कडीचं सांगितलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि तिचं घर तुटलं. नाव घेतलं न्हाई. गाव घेतलं न्हाई. मला वाटलं, आज माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

शेवंताबाई उठली. वही पिशवीत घातली, विटेला वळसा घालून बाहेर गेली.

जेवणाला एकतीस पत्रावळ्या मांडल्या, तीस भरल्या. मी गफूरभाईकडं गेलो. तो हॉलच्या मागं स्टोव्ह लावून बसला होता.

"पांढऱ्या केसांची एक बाई दिसली का?"

"बाया लई हायत मामा. तुम्ही जेवून घ्या."

मी जेवलो न्हाई. सह्यांचं रजिस्टर काढून तिच्या नावापुढचा वसतिगृहाचा पत्ता वाचला. मला वाचायला वेळ लागतो, त्या दिवशी अक्षरं जागेवर राहत नव्हती. उन्हात पायी गेलो. तिथला वॉचमन म्हणाला, मावशी सकाळची गेली, आली न्हाई. मी बसस्टँडला गेलो, निलंग्याच्या गाडीत खिडकी-खिडकीतून बघितलं. रिक्षावाल्यांना विचारलं. डोक्यात काय काय येत होतं ते लिहीत न्हाई. छप्पन वर्षांचा माणूस, लोकांना वाटलं माझं पोर हरवलंय. तसाच परत फिरलो. एकच चाललं होतं आत, दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा तूच.

चार वाजता हॉलच्या मागं आलो. शेवंताबाई गफूरभाईच्या पिंपाजवळ बसून ग्लास विसळत होती. हॉलमधून उठून गेल्यापासून तिथंच होती. पाण्याच्या पिंपामागं, माझ्यापासून वीस पावलांवर.

मी गफूरभाईवर ओरडलो, "मला सांगायचं न्हाई का तुला?"

तो शांतपणे म्हणाला, "त्यांनी सांगितलं कुणाला सांगू नका. म्हणून न्हाई सांगितलं. त्यात काय एवढं?"

मी खाली बसलो. तिनं एक ग्लास पाणी भरून माझ्यापुढं ठेवलं.

"मला वाटलं तुम्ही वळखलं न्हाई," मी म्हणलं.

"वीट बघितल्याबरोबर वळखलं."

"मी तुमची माफी..."

"मामा, तेव्हा मी न्हाई म्हणलं तरी तुम्ही मला बोलायला लावलं. आज माझं तुम्हीच बोलून टाकलं. दोन्ही टायमाला मला कुणी विचारलं?"

चूक कबूल करायचीही मला घाई झाली होती. ती कबुली माझी होती, पण गोष्ट तिची होती.

ती म्हणाली, "आणि मी सकाळी काय विचारलं होतं, ते आठवतं का तुम्हाला?"

तेव्हा ते मला ऐकू आलं. सकाळचं, चार वाजता.

मग तिनं सांगितलं. पोरगा मोठा झाला, पुण्याला कंपनीत लागला. ती नऊ वर्षं ह्या वसतिगृहात. यंदा मालकानं नवीन कायदा काढला. पाच ते सात अभ्यासाची वेळ. पोरी एकमेकींच्या खोलीत जाऊन गप्पा मारतात, म्हणून दोन तास बाहेरून कडी. सतरा खोल्या.

"आणि कडी कोण घालणार? मावशी. सतरा कड्या, मामा, रोज, ह्या हातानं."

"न्हाई म्हणायचं."

"म्हणलं. एक दिवस घातल्या न्हाई. मालक म्हणला, तुला जड जात असेल तर दुसरी बाई बघतो. दुसरी आली तर ती कड्या घालून टीव्ही बघत बसेल. मी निदान घालून पॅसेजमधीच उभी ऱ्हाते. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. कुठं काही वाजलं तर कोणतं दार आधी उघडायचं, ते दोन तास डोक्यात मोजते. सतरावं दार कसं गाठायचं, ते मला अजून जमलेलं न्हाई."

तिचे हात ओले होते, ते तिनं लुगड्याला पुसले. रडली न्हाई. मला ते बघवत नव्हतं.

मी तसाच उठून मुग्धा मॅडमकडं गेलो. अर्ध्या वाटेत थांबलो, परत आलो आणि विचारलं, "मॅडमना सांगू का? तुमचं नाव न घेता."

"सांगा," ती म्हणाली.

मॅडमनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "मामा, हे चूकच आहे. पण खासगी वसतिगृह आहे, आपल्याला तिथं अधिकार नाही. मी आजच पत्र लिहिते. वर जाईल, तिथून वसतिगृहं बघणाऱ्या खात्याकडे जाईल." त्यांनी खरंच लिहिलं, माझ्यासमोर. मी सरकारात बत्तीस वर्षं कागद इकडचे तिकडं नेलेत. कोणता कागद किती दिवस कुठं बसतो, ते मला डोळे मिटून सांगता येतं.

पिंपाजवळ परत आलो. शेवंताबाई पिशवी घेऊन उभी होती. पाच वाजायला आले होते, तिला कड्या घालायला जायचं होतं. नोकरीत पहिल्यांदा मी कुणाला हे विचारलं. "बाई, मी काय करू? तुम्ही सांगा."

तिनं पिशवी खाली ठेवली. "एक कडी काढायला किती वेळ लागतो?"

"चार स्क्रू. पाच मिनटं."

"पोरी सकाळी सहाला क्लासला जातात. मालक नवाला येतो. मधी वॉचमन असतो, पण तो सरकारी कपड्याला भितो." मग म्हणाली, "माझं नाव कुठं आलं न्हाई पाहिजे. पोरगा पैसे धाडतो, पण मला काम सोडायचं न्हाई. त्या पोरी हायत माझ्याकडं."

"न्हाई येणार."

"तुमच्या हातून येतं मामा. तुम्ही बोलता फार."

"न्हाई बोलणार," मी म्हणलं.

गफूरभाईनं काही न विचारता टेम्पोच्या सीटखालून पेचकस काढून माझ्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सरकारी ड्रेस घातला, टोपी घातली आणि साडेसहाला त्या वसतिगृहाच्या फाटकाशी गेलो. वॉचमन उठून उभा राहिला. मी म्हणलं, आरोग्य खातं, दारांची तपासणी. त्याला वाटेत सोडून जिना चढलो. वर पॅसेजच्या तोंडाशी शेवंताबाई केर काढत होती. दोन्हीकडं दारं, प्रत्येकाला बाहेरून नवीकोरी कडी. तिनं माझ्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

"कोण पाहिजे?"

मी चपला काढल्या. पॅसेजच्या बाहेरच उभा राहिलो आणि विचारलं, "आत येऊ का?"

तिनं केर भिंतीकडं लोटला. मग बाजूला सरकली आणि म्हणाली, "या."

मी पिशवीतून पेचकस काढला. सवयीनं सगळ्यात जवळच्या दाराकडं वळलो होतो, तो थांबलो.

"कुठून सुरू करू?"

तिनं केरसुणीनं पॅसेजच्या पार शेवटचं दार दाखवलं. सतरावं. मी तिथवर चालत गेलो, गुडघे टेकले आणि पहिला स्क्रू फिरवला.